ड्रेसिंग रूमचा रिमोट

३ फेब्रुवारी, सोमवार
रजिस्ट्री माझ्या गळ्यात! भाजलेला प्रत्येक पेशंट – कशाने भाजला, किती भाजला, ड्रेसिंगआधी अंगाचं तापमान किती, नंतर किती – सगळं कम्प्युटरवर भरायचं. बरीच हॉस्पिटलं भरतात म्हणे, मग सगळ्यांची तुलना येते. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचं अक्षर चांगलं आहे." अहो, कम्प्युटरला अक्षर कशाला!

१२ फेब्रुवारी
पाय सुजलेत. भरलं. झोपते.

१ मार्च, शनिवार
आज पुन्हा त्या भाजलेल्या वेल्डरचं ड्रेसिंग. छाती, पाठ, दोन्ही हात. टेबलावर घेतला की थरथरायला लागतो, दात वाजतात. "थंडी वाजते हो सिस्टर." डॉक्टर म्हणतात, भीतीने. वॉर्डात त्याचं नावच पडलंय – घाबरट. उंच परांचीवर चढून काम करणारा माणूस!

बायको दाराबाहेर असते, तिला आतलं सगळं ऐकू जातं. त्याच्या जखमांवर लावलेली कातडी दोनदा वाया गेली. तिसऱ्यांदा गेली तर तो हाती लागणार नाही, असं डॉक्टर मला म्हणाले. तिला नाही. आता मी तिच्याकडे बघायचंच टाळते.

५ मार्च, बुधवार
तुलना आली. आम्ही शेवटून पहिले! ड्रेसिंगनंतर सगळ्यात गार पडतात ते आमचेच पेशंट. कातडी वाया जाते तीही आमच्याकडेच जास्त. डॉक्टर म्हणाले, "थर्मामीटर बिघडला असेल." दुसरा आणला. तोही तेच सांगतो.

६ मार्च
पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरला फोन केला. तुम्ही वेगळं काय करता हो? बाई हसली. "काही नाही. उकडून मरतो!" ड्रेसिंगला एसी बंद, हीटर चालू. पेशंट गार पडला की लावलेल्या कातडीला रक्त पोचत नाही, ती धरत नाही, म्हणाली.

फोन ठेवला आणि बसूनच राहिले. प्लॅस्टिकचे एप्रन घालून आम्हाला घाम फुटतो, डॉक्टरांचा चष्मा घसरतो, म्हणून आमचा एसी फुल्ल. आणि टेबलावर माणूस उघडा, ओला, अंगावर कातडी नाही. तो सांगत होता की थंडी वाजते! इतका राग आला, इतकी लाज वाटली. जेवण गेलं नाही.

८ मार्च, शनिवार
डॉक्टरांना सांगितलं. "मी काय भट्टीत उभा राहू?" मी म्हटलं, वेल्डरपुरतं तरी राहा. तोंड वाकडं केलं, पण रिमोट दिला. कुणी गुपचूप लावायला नको म्हणून मी तो पर्समध्ये टाकून घरी आणला. आमचे हे विचारतात, "आपल्याकडे एसी कुठाय?"

१३ मार्च
काल वेल्डरला तिसऱ्यांदा कातडी लावली. ऑपरेशन थिएटरातही एसी बंद. डॉक्टरांनी चष्म्याला दोरी बांधलीय. वॉर्डबॉय माझ्याशी बोलत नाही. घामाने साडी अंगाला चिकटते, घरी येऊन भाकरी थापायचंसुद्धा त्राण नसतं. एवढं करून कातडी धरली नाही तर? त्या बाईला काय सांगू? नको ती रजिस्ट्री, नको ती नोकरी.

१७ मार्च, सोमवार
पट्टी उघडली. धरलीय! गुलाबी! तेवढ्यात टेबलावरून घाबरट – "काय उकडतंय हो सिस्टर! पंखा तरी लावा की."

दाराबाहेर त्याची बायको मोठ्याने हसली.