हवेचं माप

३ जून

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

कर्णे झाले! दोन्ही झाले. माझ्या खांद्याइतके उंच, आणि तोंडं एवढी रुंद की शेजारचा शिंपी दारात उभा राहून विचारत होता, ही कपाटं आहेत की होड्या. सिनेमागृह बंद पडलं तेव्हा पडद्यामागून तू स्पीकरची ती दोन जुनी युनिटं सोडवून आणलीस ना, तीच त्यांच्या मागे बसवली. अकरा वर्षं माझ्या माळ्यावर पडून होती. वायर जोडली नि अशी बोलायला लागली, जणू मधे जेवायलाच गेली होती. मी तर उडालेच!

तू दिलेल्या कागदावरून फर्मे कापले, प्लायवूड वाफवून वाकवलं, आतून चार वेळा घासलं. तरीही काहीतरी बिनसलंय. रेडिओवर बातम्या देणारा गृहस्थ बोलू लागला की मधेच एखादा शब्द हूं करून अंगावर येतो, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा. मला कळेनासं झालंय.

आणि वेळ कमी आहे. तुझं सिनेमागृह आता वाचनालयाचं सभागृह होतंय, हे तुला कळलंच असेल. तिथे नवे तयार स्पीकर आणायचं जवळजवळ ठरलं होतं. मी ग्रंथपाल बाईंच्या खनपटीलाच बसले, तेव्हा त्यांनी वीस जुलैची तारीख दिली. त्या दिवशी नवे स्पीकर आणि आपले कर्णे दोन्ही वाजवून विश्वस्त ठरवणार. हरलो तर कर्ण्यांना खण मारून खरोखरच कपाटं म्हणून विकावं लागेल.

फोन केला तर वहिनीच बोलते, तू दोन वर्षांत एकदाही फोनवर आला नाहीस. साहेब झालास की काय? मोबाइलवर आवाज भरून पाठवू का, सांग.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
धाकटी

१० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आवाज भरून अजिबात पाठवू नकोस. मोबाइलच्या टिचभर भोकातून कर्णा ऐकायचा म्हणजे टपालाच्या तिकिटावर हत्ती बघून त्याचं वजन सांगायचं. पत्रात लिही. तुला लिहिता येतं, निदान शाळेत तरी येत होतं.

आधी ती गाणी बंद कर. लावली असशीलच. गाणं सगळे दोष पोटात घालतं. माणूस बोलतोय असं काहीतरी लाव आणि समोर बसू नकोस. समोर बसलं की आपण डोळ्यांनी ऐकतो, आणि तू तर स्वतःचं पॉलिश न्याहाळत बसशील. शेजारच्या खोलीत जा, तिकडे कामाला लाग. आत खरंच कोणी बोलतंय असं वाटून तुझ्या तोंडून ओ निघाली, तर कर्णा पास. मी नवीन युनिट बसवलं की आमच्या तिकीटवाल्याला बाहेर उभा करायचो. तो हातातलं काम टाकून आत डोकावला की समजायचं, जमलं.

हूं कुठल्या आवाजावर होतो ते बघ. बाईच्या की पुरुषाच्या? मोठ्याने बोलताना की हळू? आणि कर्णे करताना जे जे केलंस ते सगळं लिही, फालतू वाटलं तरी. तुम्ही सुतार लोक मुख्य गोष्ट तेवढी सांगता आणि घोळ नेमका फालतू गोष्टीत असतो.

पॉलिश कुठलं केलंस ते नको लिहूस.

लोभ ठेव, भांडण चालू ठेव.
तुझा दादा

१५ जून

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. वाचून झालं की फाडून टाका.

वन्सं, यांना ऐकू येत नाही. थोडंथोडं नाही, जवळजवळ नाहीच. दारावरची घंटा नाही, माझी हाक नाही. फोनवर येत नाहीत ते यामुळे. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती, ती आज मोडतेय. कानाचं यंत्र आणलं, तर तीन दिवस लावलं आणि चौथ्या दिवशी कपाटात टाकलं. म्हणे सगळं जग डब्यात बसून बोलतंय, असलं ऐकण्यापेक्षा शांत बसलेलं बरं. चाळीस वर्षं ज्या माणसाने अख्ख्या सिनेमागृहाला ऐकवलं, त्याला आता मी पाटीवर लिहून दाखवते, चहा हवा का.

दिवसभर खिडकीशी बसून असायचे. तुमचं पत्र आलं आणि टेबलावर कागद पसरले, पट्टी शोधली, माझ्यावर दोनदा खेकसलेसुद्धा. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

वीस जुलैला यांना घेऊन यावं असं फार मनात आहे. हे म्हणतात, तिथे येऊन काय करू, बघत बसू? आणि मला खरी भीती निराळीच आहे. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या युनिटांतूनही काही ऐकू आलं नाही, तर हा माणूस पुन्हा कागद उघडणार नाही. तुम्हीच सांगा, आणू की नको?

तुमची माया अशीच राहू द्या.
तुमची वहिनी

२४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फार आनंद झाला. तू सांगितलंस तसं सगळं केलं.

शेजारच्या खोलीत खुर्चीचे पाय बसवत होते आणि आत रेडिओवर एक बाई बोलत होत्या. दादा, मी ओ नाही दिली, पण कोण आहे म्हणून विचारलं! शेजारून शिंपी धावत आला, त्याला वाटलं माझं गिऱ्हाइकाशी वाजलं. म्हणजे बाईच्या आवाजाला कर्णा पास. पुरुष बोलला की मात्र तो हूं. हळू बोलला तरी होतो, ठरावीक जागी होतो, आणि दोन्ही कर्ण्यांत अगदी सारखा होतो. तेव्हा चूक आहे ती मी मन लावून दोनदा केलेली आहे.

काय काय केलं ते लिहिते. कागदावर दर तीन इंचांना रुंदी दिली होती, तशाच पट्ट्या कापल्या, मिलिमीटरचा फरक नाही. सरस दोन दिवस वाळू दिला. मागचा निमुळता घसा तेवढा युनिटच्या तोंडाला जुळेना, निम्माच भरला. म्हटलं जुना कागद आहे, आकडा पुसट झाला असेल. मग कानस मारमारून घसा मोठा केला आणि युनिट बसवलं. बाकी काही नाही.

तुझ्यासारखा कान कोणाचा नाही, दादा. तू आणि वहिनी वीस तारखेला याल तर मला फार धीर येईल. प्रकृतीस जपावे. दगदग करू नये. वेळेवर जेवावे.

तुझी,
धाकटी

३० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सापडलं! घसा कानशीने मोठा केलास, हे तू चार ओळींत उरकलंस. तिथेच सगळं आहे. तुझ्या वहिनीला मी टेबलावर हात आपटून बोलावलं, ती बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

रंधेबाई, त्या कागदावरची मापं आतली आहेत. कर्ण्याच्या पोटातल्या हवेची. तू ती बाहेरून धरलीस, लाकडाची. त्यामुळे तुझा कर्णा आतून सगळीकडे दोन फळ्यांच्या जाडीइतका अरुंद झाला. तोंडाशी ते कळत नाही, घशाशी निम्मी हवा गेली. मग तू घसा फाडलास. म्हणजे आवाज आधी मोठ्या खोलीत येतो, मग बोळात शिरतो, मग मैदानात. त्या बोळात तो हूं करतो. बाईचा आवाज बारीक, तो निसटतो.

सुतार लाकूड मोजतो, मी आयुष्यभर हवा मोजली. कागदावर 'आतून' एवढा एक शब्द लिहायला हवा होता. लिहिला नाही, कारण कर्णा बाहेरून मोजणारं माणूस असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा निम्मी चूक माझी, आणि ती मी लेखी कबूल करतोय. हे पत्र चौकट करून लाव.

नवे कर्णे करावे लागतील. तीन आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. दुसऱ्या कोणाला मी म्हटलं असतं, सोडून दे.

तुझे हात सलामत राहोत.
दादा

१४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झाले. बोटांना सालपटं राहिली नाहीत, दोन गिऱ्हाइकं चिडली, एक जेवणाचं टेबल तीन पायांवर उभं आहे. पण झाले!

या वेळी घसा युनिटच्या तोंडाला असा बसला की कानस हातात धरून मी उगीच उभी राहिले. रेडिओ लावला. तोच गृहस्थ, त्याच बातम्या. हूं नाही. आणि दादा, त्याने कागद उलटला तो ऐकू आला. वाक्यापूर्वी ओठ उघडले ते ऐकू आलं. शिंपी पायरीवर बसून सबंध बातम्या ऐकून गेला. मला रडू आलं. डोळ्यांनी न बघता, एका कागदावरून तू दोष काढलास. पत्रावरून! असा माणूस मी पाहिला नाही, आणि तो माझा भाऊ आहे याची मला भयंकर मिजास वाटते.

आता हट्ट करते. ये. काही झालं तरी ये. तू आवाज तपासायला बसायचास ती नववी रांग मी अडवून ठेवते, तुझी जागा मला माहीत आहे. काही विचारणार नाही, कोणाला विचारू देणार नाही.

येशील या भरवशावर,
धाकटी

२२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा निकाल लागल्यावर मी सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि बस गाठली, याचा राग आला असेल. त्या गलक्यात मला कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं. कारण तुला ठाऊक आहे. वहिनीने तुला कळवलंय हे मी जूनमध्येच ओळखलं. एका पत्रात साहेब झालास का म्हणून टोमणा, आणि पुढच्यात एकदम 'प्रकृतीस जपावे'! इतकी सोज्वळ तू जन्मात नव्हतीस.

आता परीक्षण. डावा कर्णा चार बोटं जास्त आत वळलाय, तो सरळ कर. खालची चौकट भिंतीला टेकवू नकोस. पॉलिश बरं आहे.

आधी नवे स्पीकर लावले आणि ग्रंथपाल बाईंनी कर्णे करणारीनेच वाचावं म्हणून तुला व्यासपीठावर ढकललं, ते पाहिलं. तुझे ओठ हलत होते. मला दूध तापताना येते तशी नुसती घरघर ऐकू येत होती. वहिनीचा हात मी सोडला. म्हटलं झालं, संपलं, आता कर्ण्यांचंही हेच होणार.

मग कर्णे लावले, त्यांनी आवाज विखरू न देता थेट माझ्या रांगेवर आणून टाकला, आणि मला ऐकू आलं की वाचनालयाच्या पुस्तकाची पानं दुमडू नयेत. पाठोपाठ पुस्तक हरवल्यास कळवावे. सदस्यत्वाचे सगळे चौदा नियम ऐकले मी, शब्द न् शब्द. आठव्या नियमात तू अडखळलीस. विश्वस्तांनी कर्ण्यांसाठी हात वर केले तेव्हा मीही केला. मला मत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही. यापुढे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येऊन नवव्या रांगेत बसणार आहे, असं बाईंना कळव. कोणीतरी काहीतरी वाचा.

एक गोष्ट मात्र तिथे बोलता आली नसती म्हणून लिहितो. तू पहिलं वाक्य वाचलंस आणि मी दचकलो. आवाज जड होता, जरा कापरा, मधे मधे दम घेणारा. म्हटलं घशात पुन्हा काहीतरी राहिलं. कान लावून दोष शोधत बसलो. पाचव्या नियमापर्यंत शोधला, सापडेना. मग कळलं की कर्ण्यात दोष नाहीच. फोन घ्यायचो तेव्हाही मला कित्येक वर्षं निम्मंच ऐकू येत असणार, आणि उरलेलं मी जुन्या आठवणीतून भरून घेत असणार. माझी धाकटी बहीण म्हातारी झाली, आणि मला ते परवा, नवव्या रांगेत कळलं. तिथे बसून मी खूप रडलो. वहिनीला विचार.

लोभ होताच, आता मोजण्यापलीकडे आहे.
तुझा दादा