जिना झाडण्याचा आठवडा

स्टुटगार्ट, पश्चिम जर्मनी
८ ऑक्टोबर १९७२

ती. आबा व ती. आई यांना केशरचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. सुजाताने कोपऱ्यात काढलेली शेळीही पोचली. तिला पाच पाय आहेत. पाचवा आबांनी काढून दिला असणार, तिचं गणित इतकं कच्चं नाही.

घर अजून मिळालेलं नाही. परदेशी माणसांच्या कचेरीतल्या साहेबाने परत बजावलं की, नर्सांच्या होस्टेलमध्ये मूल चालणार नाही. स्वतःच्या नावावर, कायम भाड्याचं, दोन खोल्यांचं घर एप्रिलच्या आत दाखवलं तरच मुलीला परवाना मिळेल, नाहीतर अर्ज रद्द. सुजाताचे वडील गेले तेव्हा ती रांगत होती. तेव्हापासून ती तुमच्याच मांडीवर आहे. आता मला माझी लेक माझ्याजवळ हवी, आणि ती मी आणणारच.

इथे दर शनिवारी पेपरात रिकाम्या घरांच्या जाहिराती येतात. मी फोन करते. माझं जर्मन आता बरं आहे, त्यामुळे फोनवर सगळे गोड बोलतात, या म्हणतात. दारात माझं तोंड पाहिलं की घर नुकतंच गेलेलं असतं. एका बाईने सांगितलं की तुमच्या फोडणीचा वास भिंतीतून निघत नाही. एका म्हाताऱ्याने माळ्यावरची, शेगडीसुद्धा नसलेली खोली दाखवली आणि माझा निम्मा पगार मागितला. मी त्याला विचारलं की यात तुम्ही स्वतः किती हिवाळे काढलेत. त्याने दार लावून घेतलं.

माझ्याबरोबर वॉर्डात काम करणारी इंग्रिड म्हणते की घर ती स्वतःच्या नावावर घेईल, मी गुपचूप राहावं. मनाची चांगली आहे. पण मी नाही म्हटलं. राहायचं तर दारावर माझं नाव लावून राहायचं.

आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू द्या.

तुमची
केशर

*

तलवाडा, ता. गेवराई
१ नोव्हेंबर १९७२

चि. केशर हीस आबाचा जय भीम व पोटभर आशीर्वाद.

शेळीचा पाचवा पाय माझा नव्हे, तुझ्या आईचा. मी फक्त पेन्सिल धरून दिली.

नाव लपवून घर घेतलं नाहीस, हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं, मग वस्तीत वाचून दाखवलं. इकडे पावसाने पार पाठ फिरवली. विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरावं लागतं. तुझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. जाऊ नको म्हटलं तर म्हणते की, घरात बसून तुमचं त्वांड बघू का. रेशनला परदेशची तांबडी मिलो ज्वारी येते. भाकरी थापताना फाटते, पण पोट भरतं.

एक बातमी. गावच्या सेवा सोसायटीत मी संचालक झालो. आपल्या वस्तीतला पहिलाच. लोकांनी गुलाल टाकला. पण पहिल्याच मीटिंगच्या आधी चेअरमन अर्जुनरावांनी निरोप धाडला की, सर्जेराव, तुमी वाईच लवकर या, हापीस झाडून सतरंजी टाकून ठेवा, बाकीची मंडळी मागून येतीलच. मी लवकर गेलो नाही. मंडळी आली त्याच वेळी गेलो. तोवर शिपायाने उरकलं होतं.

सुजाता विचारते की, जर्मनीत माझी माय मोठ्या वाड्यात ऱ्हाती का. मी सांगितलं, अजून वाडा पसंत पडला नाही.

जपून राहा, पण वाकू नकोस.

तुझा
आबा

*

स्टुटगार्ट
२६ नोव्हेंबर १९७२

ती. आबा व ती. आई यांना केशरचा जय भीम.

घर मिळालं होतं, आणि मी ते सोडून आले. राग अजून उतरलेला नाही.

क्योनिग म्हणून एक विधवा बाई आहेत. त्यांच्या तीन मजली घरातला वरचा मजला रिकामा होता. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, भाडं माझ्या पगाराला झेपणारं, आणि करार हवा तितकी वर्षं. मला पाहून बाईंचा चेहरा बदलला नाही. बसवलं, केक दिला, सुजाताचं वय विचारलं. मी मनात तिची खाटसुद्धा मांडून टाकली. सहीला पेन उचललं तेवढ्यात त्या म्हणाल्या की, एक गोष्ट लक्षात ठेव, तुला जिना झाडून पुसावा लागेल, दारापुढचा रस्ताही झाडावा लागेल आणि बर्फ पडलं तर तेही काढावं लागेल.

आबा, माझ्या डोळ्यांपुढे आपली चावडी आली. आजी पहाटे तिथे झाडायची आणि पायरीच्या खालीच उभी राहायची, ते तुम्हीच मला सांगितलंय. आपली जात इथपर्यंत हिला कुणी कळवली, असंच मला वाटलं. पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की, माझ्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचं झाडलं, आता पुरे. केक अर्धा टाकून निघून आले. बाई तोंडाचा आ करून बघत राहिल्या.

चुकलं असेल तर रागवा. पण सुजाताच्या आईला झाडू देऊन घर देणार असतील, तर ते घर मला नको.

केशर

*

तलवाडा
१७ डिसेंबर १९७२

चि. केशर हीस आशीर्वाद.

शाब्बास! छप्पन साली दीक्षा घेऊन आलो, त्याच आठवड्यात चावडीचा झाडू मी पाटलाच्या ओट्यावर ठेवला होता. त्यांनी आपलं पाणी बंद केलं, कामं बंद केली. तरी तो झाडू परत उचलला नाही. तू माझीच लेक. एप्रिल गेला तर जाऊ दे, सुजाता आमच्याजवळ उपाशी नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो, तर तुझी आई आडवी आली. म्हणाली की, त्या बाईनं केशरला एकटीलाच झाडाय सांगितलं का समद्या भाडेकऱ्यांला, हे पोरीनं इचारलं का न्हाई? मी म्हटलं की यात काय विचारायचंय. तर म्हणाली की, लेकरू तिच्या मायपासून लांब ऱ्हायलंय, म्हणून इचारायचं. मग पेन परत माझ्या हातात देऊन समोरच बसली. तिच्यासाठी लिहितो आहे. विचारून बघ. पण खाली मान घालून विचारू नकोस.

तुझा
आबा

*

स्टुटगार्ट
१४ जानेवारी १९७३

ती. आईस आधी आणि ती. आबांना नंतर, केशरचा जय भीम.

आई, तू जिंकलीस. मी इंग्रिडला विचारलं तर ती पोट धरून हसली, मग माझा चेहरा पाहून समजावू लागली. तिने सांगितलं की या भागात प्रत्येक घरात असंच असतं. आठवडा वाटून घ्यायचा. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी टांगतात, त्याने जिना आणि रस्ता झाडायचा आणि शनिवारी पाटी शेजारच्या दारावर टांगायची. नोकर, साहेब, मालक, कुणाची सुटका नाही.

मला ते खरं वाटेना. शनिवारी मी क्योनिगबाईंच्या घरी न सांगता गेले. दुसऱ्या मजल्यावर आमच्याच हॉस्पिटलातले डॉक्टर राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. वॉर्डात आम्ही त्यांच्या पुढ्यात उभ्या असतो. ते बाह्या सारून, गुडघे टेकून पायऱ्या पुसत होते. मला पाहून म्हणाले की, सिस्टर, कडेने चला, ओलं आहे. आबा, मी कडेने गेले आणि वर जाऊन थोडी रडले.

बाई मात्र फणकारल्या होत्या. म्हणाल्या की, तू भारतातल्या कुठल्या राजघराण्यातली आहेस, की झाडू धरायला तुला कमीपणा वाटतो? मला हसू आवरेना. आपल्याला इतक्या मोठ्या घरचं आजवर कुणी समजलं नसेल! मग मी त्यांना सगळं सांगितलं. चावडी, आजी, पायरी. त्यांनी केकची बशी माझ्यापुढे सरकवली. शेवटी म्हणाल्या की घर अजून रिकामं आहे. एकजण आला होता, पण झाडायला माणूस लावतो म्हणाला, म्हणून त्याला त्यांनी वाटेला लावलं.

मी अट घातली. करारात नुसतं भाडेकरूने झाडावं असं नको, घरातल्या सगळ्यांची नावं ओळीने लिहा. बाईंनी पेन घेतलं आणि पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. मग डॉक्टरांचं, मग माझं. कागद कचेरीत दिला, परवाना निघाला. एक फेब्रुवारीपासून दारावर माझं नाव. सुजाताला पाठवा. मुंबईहून माझ्यासोबतची एक नर्स मार्चमध्ये इकडे परतते आहे, ती तिला घेऊन येईल.

तुमची
केशर

*

तलवाडा
१८ फेब्रुवारी १९७३

चि. केशर हीस आबाचा जय भीम, आणि आईचा जरा जास्तच ताठ मानेने जय भीम.

तुझं पत्र खिशात घालून मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो. शिपाई महिनाभर रजेवर गेला होता, झाडू मुद्दाम माझ्या जागेवर ठेवला होता. मी तो मध्यभागी ठेवला आणि ठराव मांडला की, हापीस झाडण्याचे आठवडे सगळ्या संचालकांनी वाटून घ्यावेत, पहिला आठवडा हवं तर माझा लिहा. जर्मनीतल्या डॉक्टरची हकिगत सांगितली. अर्जुनराव उसळले की, ही काय जर्मनी हाय का? मी म्हटलं, जर्मनी न्हाई, ही सहकारी सोसायटी हाय, शेअर समद्याचा तर केरबी समद्याचा. कुणी हात वर केला नाही. ठराव पडला.

मग मीही झाडलं नाही. धुळीतच जाऊन बसलो. सतरंजी कोण टाकणार? थोडा वेळ सगळे उभे राहिले, मग एकेक जण पांढरं धोतर सावरत माझ्यासारखाच धुळीत टेकला. दुष्काळामुळे सध्या दर आठवड्याला मीटिंग असते, तीन मीटिंगा अशाच झाल्या. परवा आप्पाराव एकटे लवकर आले होते, त्यांनी स्वतःपुरती जागा फुंकरीने साफ केली. मला पाहून ओशाळले. मी म्हटलं, आणखी जरा फुंका, माझीबी व्हईल. ठराव पुढच्या मीटिंगला परत मांडणार आहे. पडला तर त्याच्या पुढच्या.

सुजाताला मी स्वतः मुंबईपर्यंत सोडतो आहे. आई रडत नाही असं सांगते आणि रडते. पोरगी कामाला चलाख आहे, तिथे गेल्यावर झाडू मागेल. तुमच्या आठवड्याला तिला खुशाल झाडू दे. दुसऱ्या कुणाच्या आठवड्याला तिच्या हातात तो कुणी दिला, तर तो तिथेच खाली ठेवायला तिला शिकव.

लोभ लांबून कमी होत नाही, हे आता तुम्ही दोघींनी मिळून दाखवा.

तुझा
आबा