मिनिटाला तीस शब्द

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलात नोटीस लागली. सगळ्या क्लार्कची टायपिंग टेस्ट, सतरा तारखेला. मिनिटाला तीस शब्द पाहिजेत. जो कमी पडेल त्याची बदली तळघरात, शवागाराच्या टेबलावर. तिथला क्लार्क रिटायर होतोय. दिवसाला चार-पाच नोंदी, त्यामुळे तिथे वेगाची अट नाही.
नोटीस तीनदा वाचली. पण घाबरलो नाही. डिस्चार्ज काउंटरवर एकोणीस वर्षं काढली आहेत. वेग कधी मोजला नाही, पण चाळीसच्या आसपास असावा.

३ मार्च, संध्याकाळी ७
मोजला. नऊ.
मुलीचा लॅपटॉप आहे. कीज फार जवळजवळ आहेत.

४ मार्च
प्लॅन तयार. रोज सकाळी सहा ते सात सराव. दहाही बोटं वापरायची. सध्या दोन वापरतो, म्हणजे वीस टक्के काम झालेलंच आहे. रोज दोन शब्द वाढवले तर टेस्टच्या दिवशी पस्तीस. पाच शब्द जास्तीचे, वेळप्रसंगाला.

५ मार्च
उठलो सात चाळीसला. बोटांना विश्रांती लागते हे लोकांना कळत नाही.
शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना (वेग साठ, आम्ही त्यांना मशीनगन म्हणतो) सहज म्हणून विचारलं. दोन कीजवर बारीक उंचवटा असतो, म्हणाल्या. पहिली बोटं त्यावर टेकवायची, बाकीची आपोआप जागेवर बसतात, मग खाली बघायचं कामच नाही. मला तो उंचवटा आजवर चिकटलेला कचरा वाटत होता. नखाने खरवडलाही होता. हे त्यांना सांगितलं नाही.

७ मार्च
खाली फाइल नेऊन द्यावी लागली. लिफ्टचं दार उघडलं. लांबच लांब पांढरा कॉरिडॉर, एक ट्यूब फडफडतेय, फिनेलचा वास. खालचा क्लार्क हसतमुख माणूस आहे. या की आत, चहा घेऊ, म्हणाला. मी लिफ्टमधूनच फाइल त्याच्याकडे फेकली आणि वरचं बटण दाबत सुटलो. तो वेग मोजला असता तर मिनिटाला दोनशे भरला असता.
वर येऊन पंख्याखाली शर्ट वाळवत बसलो. मार्चचा उकाडा.

९ मार्च, रविवार
अकरा. रोग सापडला. बॅकस्पेस. चूक दिसली की पुसतो, पुसताना बरोबर आलेलंही पुसलं जातं. म्हणून ती कीच चमच्याने उपटून काढली. मुलगी तासभर बोलली, मग बोलेनाशी झाली.
बायको म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. घरात असले शब्द नकोत, असं तिला स्पष्ट बजावलं. पदर तोंडाला लावून हसत होती.

१२ मार्च
चौदा. प्रगती आहे, फक्त सावकाश.
काउंटरवर एक आजोबा रांगेतून मोठ्याने म्हणाले, पेशंट बरा होऊन निघालाय, पण हे गृहस्थ कागद देईपर्यंत परत आजारी पडेल. सगळी रांग हसली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकता ऐकता त्यांच्याच पेशंटचं वय ६४ च्या जागी ६४४ पडलं.

१५ मार्च
सोळा. बायकोला सांगून टाकलं की मला भीती वाटते. खूप. बाबा गेले तेव्हा त्यांना आणायला धाकटा भाऊ एकटाच खाली गेला होता. मी वर थांबलो, फॉर्म भरायचाय म्हणून. फॉर्म एका पानाचा होता.
ती हसली नाही. मग म्हणाली, टेस्टमध्ये स्क्रीनकडे बघूच नका, चुका दिसल्या की तुमचे हातपाय गळतात. नुसता कागद बघा आणि बडवत सुटा. बाई हुशार आहे. ठरलं.

१७ मार्च, दुपारी १
झाली टेस्ट! बोटं उंचवट्यांवर टेकवली. तेवढ्यात बाहेरून स्ट्रेचर गेलं, लिफ्टच्या दिशेने, वरपासून खालपर्यंत झाकलेलं. चाकं करकरली. मी दचकलो, हात उचलले, परत ठेवले, आणि सुरू. डोळे कागदावर. दहा मिनिटं एकदाही मान हलवली नाही. बोटं नुसती धावत होती. एवढा वेग माझ्या अंगात होता आणि मला माहीत नव्हतं!
लिफ्टमनला सांगितलं. बायकोला फोन केला. मशीनगनना दोन टिप्सही दिल्या.

१८ मार्च
निकाल. वेग अडतीस. बरोबर शब्द, शून्य.
परत ठेवताना दोन्ही हात एकेक घर उजवीकडे बसले होते. पूर्ण पान तसंच. हेडक्लार्कनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा.
“वेग उत्तम आहे,” ते म्हणाले. “भाषा कोणती म्हणायची?”
फेरपरीक्षा मागितली. नियमात बसत नाही म्हणाले. स्ट्रेचरचं सांगणार होतो, पण बदलीच्या कागदावर सही करून बाहेर आलो.

२३ मार्च, रविवार
उद्यापासून खाली. घाबरलेलो नाही. बायकोने विचारलं, लिफ्टपर्यंत येऊ का. नको म्हणालो. मग म्हणालो, फाटकापर्यंत ये.

२४ मार्च, सोमवार
नऊ पाचला खुर्चीत बसलो. पाठ भिंतीला, तोंड बाहेरच्या दाराकडे. दहा वाजता पहिली नोंद. एक चाळिशीतला माणूस, वडिलांचा कागद करायला आला होता. समोर बसला. नाव विचारलं, वय विचारलं. माझी बोटं एवढी थरथरत होती की एकच अक्षर चार-चारदा उमटत होतं. बॅकस्पेस दाबत बसलो. आता हा ओरडणार, असं वाटलं.
त्याने पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढे ठेवली.
“तुम्ही पहिल्यांदाच आलात का इथे?”
“हो.”
“मी पण,” तो म्हणाला. “सावकाश होऊ द्या.”
मी पाणी प्यायलो. फॉर्मला सव्वीस मिनिटं लागली. तोवर आम्ही दोघंही शवागाराच्या त्या आतल्या दाराकडे बघायचं टाळत होतो.