पाळणाघराला हरकत असल्यास

४ मार्च, मंगळवार

नाही म्हणाला! म्हणजे तोंडावर नाही म्हणाला नाही, नगरपालिकेच्या खिडकीतला कारकून तसं कधीच म्हणत नाही. "बाई, तुमचं घर रहिवासी भागात येतं." म्हटलं, येणारच, आम्ही त्यात राहतो! तर म्हणतो, "पाळणाघर म्हणजे वापरात बदल झाला. नगररचना खात्याची परवानगी लागेल." घरात लहान मुलं आली की घराचा वापर बदलतो म्हणे. मग आमची लेक ह्याच घरात वाढली, तेव्हा काय इथे कारखाना होता?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते विचारलं, तर आठवेना.

६ मार्च

परवा रागाच्या भरात मुख्य गोष्ट लिहायची राहिली. बालवाडी बंद पडली त्याला आता वर्ष होईल. इतकी वर्षं कुणाचं तरी नाक पुसून माझा दिवस सुरू व्हायचा. आता सकाळी भराभर आवरते आणि मग हात मोकळे. कुणाचं माझ्यावाचून अडत नाही. हे फार लागतं मला. कुणाला सांगणार नाही, इथे लिहून टाकते.

त्यात खालचा हॉल मोकळा आहे म्हटल्यावर धाकटे भावजी टपून बसलेत. त्यांना दुकानातल्या फरशांची खोकी ठेवायला जागा हवी. आणि ह्यांनी शब्द देऊन टाकलाय— "महिनाअखेरपर्यंत हिची परवानगी आली तर आली, नाहीतर तू खोकी आण." मला न विचारता! भावजी काल येऊन हॉल पावलांनी मोजून गेले. मी भिंतीवर रंगवलेले ससे बघून म्हणाले, "राहू देत हो वहिनी, खोक्यांमागे दिसणारच नाहीत."

९ मार्च, रविवार

परवानगीसाठी अर्ज टाकला, तशी खात्याची पाटी फाटकाला लागली. ‘सदर ठिकाणी पाळणाघर प्रस्तावित. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.’ गल्लीतल्या ज्या माणसांनी आजवर माझ्याकडे बघून मान हलवली नाही, ती येऊन हाताची घडी घालून पाटी वाचतायत. दूधवाल्यानेही वाचली. त्याची हरकत नाही म्हणाला. मला भरून आलं!

११ मार्च

शेजारच्या काकांची हरकत आहे. असणारच. निवृत्त झाल्यापासून ते गल्लीतला आवाज मोजतात— फोनवर तसलं काहीतरी घेतलंय. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की हे कुंपणाशी येऊन आकडा सांगणार. मी त्यांना मनातल्या मनात आवाजकाका म्हणते. (एकदा तोंडातूनही गेलं होतं.)

आज संध्याकाळी हातात कागद घेऊन आले. म्हटलं, आले भांडायला. तर म्हणतात, "तुमच्याविरुद्ध अर्ज लिहिलाय. तुम्ही शिकवलंय इतकी वर्षं, शुद्धलेखन जरा बघता का? उगीच हसं नको व्हायला."

आणि मी बघितलं! सवय वाईट. लाल पेन घेतलं, वेलांट्या दुरुस्त केल्या. दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा भक्कम होता, तो वर घ्यायला सांगितला. ‘मुले ओरडतात’ हे फार मोघम वाटत होतं, तिथे ‘दुपारच्या विश्रांतीच्या वेळी सततचा गोंगाट’ असं सुचवलं. काका खूश होऊन गेले. जाताना म्हणाले, "आता कसं, वजन आलं!"

हे हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले.

१५ मार्च, शनिवार

 जे झालं ते झालं तसं लिहिते.

दुपारी जेवणं उरकली आणि आवाजकाका दारात. दोन्ही नातू मागे उभे. "आज आमच्याकडे गल्लीची सभा आहे. सगळे पोरं घेऊन येणार, दंग्यात काही ठरायचं नाही. तासभर तुमच्याकडे ठेवता का?" मी विचारलं, सभा कसली? काका चाचरले. "म्हणजे... तुमचीच."

दार आपटायला हवं होतं. पण धाकट्या नातवाच्या बुटाची नाडी सुटली होती. मी वाकून बांधायला घेतली आणि तिथेच फसले.

अर्ध्या तासात हॉल भरला. माझ्याविरुद्ध सभेला निघालेला जो तो वाटेत आपलं पोर माझ्याकडे सोडत होता. "बघा हं जरा, हिला झोप आलीय." "ह्याला पाणी विचारा मधूनमधून." एकीने तर डबाही दिला. समोरची नर्सबाई सभेला गेलीच नाही, तिची ड्यूटी होती, पण तिचीही मुलगी आली. एकाने भिंतीवरचा ससा चाटून बघितला. दोघी भांडल्या, दोघी झोपल्या. मी मधोमध बसकण मारून गोष्ट सांगत होते, एकजण माझ्या पाठीवर लोंबकळत होता, आणि खरं सांगते, वर्षभरात इतकी सुखात नव्हते!

नेमका तेव्हाच जागेची पाहणी करायला खात्याचा इंजिनिअर आला. हातात टेप. दारातच थबकला. "परवानगीचा पत्ता नाही, आणि पाळणाघर जोरात!"

म्हटलं, अहो, ही माझी नाहीत. माझ्या पाळणाघराला हरकत घेणाऱ्यांची आहेत. ते शेजारी हरकत घेतायत, तेवढा वेळ मी सांभाळतेय.

त्याने टेप खिशात टाकली. "बाई, रोज कारणं ऐकतो मी. पण हे नवीन आहे." फोटो काढला, ‘विनापरवाना वापर सुरू’ असं लिहिलं आणि निघाला. साक्षीला कुणीतरी आणावं म्हणून मी काकांकडे धावले, तर आतून टाळ्या ऐकू आल्या. ठराव मंजूर झाला होता.

१६ मार्च

ह्यांनी सकाळी विचारलं, "मग भावाला कळवू का?"  मी चहाच दिला नाही.

२० मार्च

सुनावणीचं पत्र आलं. २७ तारखेला हजर राहावं. परवानगी का नाकारू नये, त्याचं कारण मी सांगायचं!

भावजींचा फोन. टेम्पोवाल्याला ३१ तारीख देऊन ठेवलीय. "वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून खोकी आम्हीच उचलू." किती ती माया!

२७ मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. लांबट टेबल, एका टोकाला अधिकारी मॅडम, त्यांच्यासमोर तो फोटो. भिंतीला टेकून अख्खी गल्ली ओळीने. माझ्या बाजूच्या खुर्च्यांवर हे आणि हातपिशवी.

आवाजकाकांनी अर्ज वाचला. सुरेख वाचला. ‘दुपारच्या विश्रांतीच्या वेळी सततचा गोंगाट’ आल्यावर मॅडमनी मान वर करून काकांकडे आदराने बघितलं. शब्द माझेच!

मग मॅडमनी फोटो उचलला. "बाई, ही मुलं कुणाची?"

मी मागे वळून बघितलं. जो तो छताचा पंखा बघत होता.  कुणाचं पोर कुणाचं, हे मी सांगणं बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात नर्सबाई उठली. रजा टाकून आली होती बिचारी. "ती पिवळ्या फ्रॉकची माझी. तिच्या शेजारी काकांचा नातू ओढतोय ती बाहुलीही आमचीच. मॅडम, माझी मुलगी सांभाळायला माणूस नाही म्हणून मी निम्म्या ड्यूट्या सोडल्यात. ह्या बाईंनी एक शब्द न विचारता तिला घेतलं. आणि त्यांच्याविरुद्ध सभा भरवणाऱ्यांचीही घेतली!"

मॅडमनी चष्मा काढला. "काका, नातू तुमचा?"

काकांचा आवाज त्यांच्या फोनवरही उमटला नसता. "दोन्ही."

"तुमची पाळणाघराला हरकत आहे ना?"

"आहे."

"मग नातू तिथे का ठेवलेत?"

काका सरळमार्गी माणूस, खोटं त्यांना जमतच नाही. "घरी फार गोंगाट करतात हो."

टेबलाच्या कोपऱ्यातला शिपाई आधी हसला, मग इंजिनिअर, मग मॅडमनी फायलीआड तोंड लपवलं. हे तर केव्हाचे हसत होते. मला हसू आलं नाही. मला नुसतं नर्सबाईचा हात घट्ट धरून बसावंसं वाटत होतं. बसलेही. जन्मभर विसरणार नाही म्हटलं तिला.

निकाल पोस्टाने कळवणार.

३१ मार्च, सोमवार

सकाळी टेम्पो आला. भावजी पुढे, मागे खोक्यांची चळत. दोन माणसांनी पहिलं खोकं उंबऱ्याशी आणलं आणि पोस्टमन आला. मी पाकीट फोडलं ते उभ्यानेच. मंजूर!! एका अटीवर— दुपारी दोन ते चार मुलांचा आवाज कुंपणाबाहेर ऐकू आला नाही पाहिजे. तशी तक्रार सिद्ध झाली की परवानगी रद्द.

हे पुढे झाले, स्वतः खोकं उचलून टेम्पोत ठेवलं आणि भावाला म्हणाले, "कमरेत उसण भरायच्या आत बाकीचं तुझं तू बघ." इतक्या वर्षांच्या संसारात मला हे एवढे देखणे कधी दिसले नव्हते.

७ एप्रिल

पहिला दिवस. सगळी रडली. मीही. दोनला मात्र अंथरुणं घातली, पाठी थोपटल्या, सगळी गाढ. कुंपणापलीकडे आवाजकाका फोन धरून उभे होते. चारला माझ्याकडे बघून मान हलवली— काही नाही. जरा निराश वाटले.

१० एप्रिल

काकांचे नातू आले नाव घालायला. आजोबा घेऊन आले.  नाड्या मी बांधल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

समोरच्या फाटकावर पाटी लागलीय. नर्सबाईच्या नवऱ्याला घरात ड्रम शिकवायचा वर्ग काढायचाय. रोज दुपारी, दोन ते चार. ती धावत आली, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुम्ही तर आमच्या बाजूने बोलालच ना?" मी म्हटलं, अगं, हे काय विचारणं झालं!

संध्याकाळी मागच्या दाराने काकांकडे गेले. मला माझीच लाज वाटली, अजूनही वाटतेय. पण ड्रम वाजला की सगळी एकदम उठणार, एकदम रडणार. काकांनी लगेच खुर्ची पुढे केली. अर्ज चार पानी झालाय. पहिली सही माझी.