शिवेपलीकडे सोडलेला गाडा

ती. आईस,
कुवेतमधल्या सालमियाहून निखिलचा दंडवत.

मी ठणठणीत आहे. बाहेर पडायला बंदी आहे, पण डबा खोलीवर येतो. तुझा खोकला थांबला का?

मरीआई कोपली म्हणून करोना आला आणि तिचा गाडा शिवेपलीकडे सोडल्यावर गाव मोकळं झालं, असं दादा फोनवर म्हणाला. बरं झालं.

माझ्या खोलीतला रत्नागिरीचा काशिफ मंगळवारी करोनानेच गेला. तो याला अल्लाची परीक्षा म्हणायचा. त्याची गादी मी गुंडाळून ठेवली. रडू काही आलं नाही.

गाड्याचं ऐकून त्याने एवढंच विचारलं होतं, “शिवेपलीकडे कोण राहतं रे?”

मी म्हटलं, “आमची आत्या.”

आई, आत्याचं कुणी काही बोलत नाही. ती बरी आहे ना?

तुझा,
निखिल