दोनदा वजा झालेली झीज

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंची बाजू मी लिहायची! मी!

सरांचा उजवा हात आता पेन धरू देत नाही. सही करतानासुद्धा खालचा कागद हलतो. आणि आमच्या मार्क्सवादी अभ्यास संस्थेचा नियम असा, की जाहीर वादाच्या आधी दोघांनी एकमेकांची बाजू दोन पानांत लिहून काढायची. आपली नाही, समोरच्याची. त्याने ती वाचून 'हो, हेच माझं म्हणणं' अशी सही केली, तरच वाद सुरू. हा नियम सर आणि बाईंनीच कधीकाळी मिळून केला होता, दोघं एका टेबलावर बसायचे तेव्हा. मग बिनसलं. लोक म्हणतात सिद्धांतावरून. दप्तर सांभाळणाऱ्या काकू म्हणतात, खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. बाई विद्यापीठात गेल्या, सर इथेच राहिले, छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत.

"तू लिही," सर म्हणाले. "तू लिहिलंस हे तिला समजलं तरी चालेल. पण तिची बाजू लंगडी पडता कामा नये."

वाद २० तारखेला. जगात आज जे चाललंय — जकाती, निर्बंध, युद्धं — ते समजून घ्यायला मार्क्सवाद अजून पुरतो का? दोघंही म्हणणार, पुरतो. भांडण त्याच्या पुढचं आहे.

आमच्या नियतकालिकाचा अंकही त्याच दिवशी. त्यात तक्ता क्रमांक तीन माझा! बारा देश, पन्नास वर्षं, नफ्याचा दर. सात महिने घालवलेत त्यात. आकडे मी जमवले, हिशोब मी केला, तपासलाही मीच — दुसरं आहेच कोण? तक्त्याखाली 'तपासले' असं छापून पुढे माझं नाव येणार. ही सरांची पद्धत. "आकडा तपासणं हेही श्रमच. ज्याचे श्रम, त्याचं नाव."

घरी सांगितलं. बाबांनी दोनदा विचारलं, "छापील?"

६ फेब्रुवारी

बाईंचे जुने लेख वाचतेय. वाटलं होतं राग येईल. येत नाहीये, हीच पंचाईत.

सरांचं म्हणणं मला पाठ आहे. कारखान्यात यंत्रं वाढत जातात, माणसाचे श्रम कमी होत जातात, आणि नफा शेवटी श्रमातूनच येतो — म्हणून नफ्याचा दर उतरतो. जगभर. मग भांडवल बाहेर धावतं, त्याच्यामागे सरकार, सरकारामागे सैन्य. आजच्या प्रत्येक युद्धाच्या मुळाशी ही उतरती रेघ. कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बाबांच्या कारखान्यातल्या कमी होत गेलेल्या पाळ्या, आईचे इस्पितळाच्या धुलाईखात्यातले सोलवटलेले हात — सगळं एका रेघेवर बसत होतं.

बाई म्हणतात, रेघेने काही होत नाही. कोणीतरी ठरवतं, म्हणून होतं. नफा चांगला असतानाही कारखाने उठून जातात — जिथे कामगार दबलेला, तिथे. घसरणीला पत्ता नसतो, निर्णयाला असतो. आणि पत्ता सापडला तरच दार ठोठावता येतं.

हे मी माझ्या शब्दांत लिहिलं आणि परत वाचलं. पटण्याइतकं चांगलं झालंय. काय करू?

७ फेब्रुवारी

बाबांच्या कारखान्यात पगाराच्या कराराची बोलणी सुरू झाली. तीन वर्षांनी एकदा होतो तो करार. या वेळी बाबा समितीत आहेत. लेथवर तीस वर्षं काढल्यावर आता टेबलावर बसायचं, म्हणून नवा शर्ट आणलाय. आई म्हणाली, "शर्टाकडे बघून देतील हो वाढ!" बाबा म्हणाले, "तुझ्याकडे बघून तर सासऱ्यांनी घड्याळही दिलं नव्हतं." आई लाटणं शोधायला गेली. खूप दिवसांनी घरात असं हसलो.

९ फेब्रुवारी, रविवार

तक्ता चुकलाय.

बाईंची बाजू नीट मांडायची, तर त्या तक्त्यावर काय विचारतील तेही बघायला हवं. म्हणून आज संस्थेत एकटीच जाऊन मूळ आकडे काढले. यंत्रं झिजतात. ती झीज नफ्यातून वजा करायची असते. मी केली. बारा देशांची. पण पाच देशांच्या सरकारी आकड्यांत ती आधीच वजा केलेली होती! पानाच्या तळाशी, बारीक टिपेत लिहिलंय. मी पुन्हा वजा केली. पन्नास वर्षं, पाच देश, दोनदा झीज. आणि यंत्रं दरवर्षी वाढतात, म्हणजे चूकही दरवर्षी वाढत गेली.

म्हणून रेघ इतकी सुंदर उतरत होती.

१० फेब्रुवारी

पुन्हा केलं. सुधारून केलं की पहिली वीस वर्षं रेघ उतरते. मग सपाट होते. शेवटी थोडी वर जाते.

वर!

१२ फेब्रुवारी

सांगितलं नाही. दोन दिवस सरांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन चहा हवाय का विचारून परत येतेय. काकू म्हणाल्या, "एवढा चहा पाजून म्हाताऱ्याला मारशील. क्रांती आधीच लांबलीय."

बाबांना सहज विचारलं, तुमच्याकडे माप चुकलं तर काय करतात? म्हणाले, "लाल रंगाचा डबा असतो. ज्याने बिघडवलं, त्यानेच रंग लावायचा आणि बाजूच्या पेटीत टाकायचं. सुपरवायझर बघायच्या आत."

"आणि नाही लावला तर?"

"तर तो तुकडा कुठल्या तरी यंत्रात जाऊन बसतो. मग कोणाचं तरी बोट जातं." मग माझ्याकडे बघून, "का गं?"

म्हटलं, काही नाही.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

दोन्ही रेघा काढून सरांसमोर ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसला. टिपेचं पान मागितलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही, सर."

त्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. मग म्हणाले, "सिद्धांत एका तक्त्यावर उभा नसतो."

"हो सर. पण अंकात तर—"

"जूनच्या अंकात शुद्धिपत्र देऊ. रीतसर. आता हे बाहेर आलं, तर वादच होणार नाही, तमाशा होईल. चाळीस वर्षं ज्यांनी आपल्याला वेड्यात काढलं, त्यांच्या हातात काठी द्यायची?" आवाज खाली गेला. "पुढचा वाद मला झेपणार नाही, बाळ."

मग स्वतःहून म्हणाले, की एक तारखेला कार्यकारिणी बसतेय आणि माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांनी तयार ठेवलाय. धमकी म्हणून नाही. खरंच नाही. मायेनेच म्हणाले. म्हणूनच दोन्ही कागद उचलून मी बाहेर आले.

१४ फेब्रुवारी

छापखान्याचे मालक पायऱ्या चढून वर आले. अंगठ्याला शाई, हातात तक्त्याचं पान. "ताई, एवढं एकच राहिलंय. छपाईला सोडू ना?"

सर घरी होते. काकू टेलिफोनवर. फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. मला वाटतं मी तोंड उघडलंही होतं. सरांचा हात डोळ्यांपुढे आला, थरथरणारा. आणि दुसरंही आलं — खोटं कशाला लिहू — नेमणुकीचा कागद. आमच्या घरात कायम नोकरीचा कागद कोणी पाहिलेला नाही.

"तपासलंय ना?"

"हो," म्हटलं. "सोडा."

खाली यंत्र सुरू झालं. वरच्या फरशीला त्याचा हादरा येतो. एरवी कधी जाणवत नाही.

१७ फेब्रुवारी

झोप उडालीय. जेवताना आईने ताट सरकवलं, "परीक्षा आहे का तुझी?" म्हटलं, तसंच समज.

जूनला किती दिवस आहेत, मोजले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं.

सभागृह भरलं होतं. मागे विद्यार्थी उभे, पुढे पांढरी डोकी. बाई आल्या, काठी टेकत. वाटलं होतं तशा उंच नाहीत. सरांना म्हणाल्या, "खिडक्या सगळ्या बंदच का?" सर म्हणाले, "तू येणार म्हणून." म्हणजे काकूंचं खरं होतं!

बाईंनी माझी दोन पानं वाचली. सही केली. मग कागद वर करून, "हे त्याचं अक्षर नाही. त्याची भाषाही नाही. माझ्यापेक्षा बरं मांडलंय. कोणी लिहिलं?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. टाळ्या! मला जमिनीत जावंसं वाटलं.

सर काय बोलले! उभे राहून, चाळीस मिनिटं, कागदाशिवाय. हात पाठीमागे. पडद्यावर माझी रेघ. "ही रेघ कोणाच्या मताची नाही. ही कोणाच्या बापाला वळवता येणार नाही." लोक हसले, मग गप्प झाले. मागचा एक मुलगा वहीत ती रेघ काढून घेत होता.

बाईंनी एकच विचारलं. "कारखाने ज्या देशांत गेले, तिथेही ती उतरतेच? नवल आहे. मग गेले कशाला?"

सरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे. मग ते दुसऱ्याच मुद्द्यावर गेले. छान बोलले. कोणाच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं की काय, देव जाणे — देव म्हणतेय मी, तेही संस्थेच्या वहीच्या कागदावर!

जिन्यात बाई थांबल्या. "माझी बाजू लिहिताना तुला पटली का गं?"

"मला... अजून ठरवायचंय."

"ठरव," म्हणाल्या. "लवकर ठरव. आमच्यासारखा वेळ लावू नकोस." आणि काठी टेकत उतरल्या. हाक मारावीशी वाटली. दोन पायऱ्या उतरलेही.

२५ फेब्रुवारी

व्यापाऱ्यांच्या वर्तमानपत्राने आमचा तक्ता छापला! अख्खा, जसाच्या तसा, खालच्या ओळीसकट. सर लहान मुलासारखे खूश. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मालकांच्या पेपरात मार्क्सवादी रेघ!" काकूंना पेढे आणायला पाठवत होते. काकू म्हणाल्या, "मालकांना आवडलं म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय." सगळे हसले.

मीही हसले. कसं हसले कोणास ठाऊक.

१ मार्च

कायम झाले.

आईने कागद आधी वाचला नाही, वास घेतला. मग शेजारच्या मावशींना दाखवायला नेला. बाबा म्हणाले, "कायम म्हणजे पेन्शनसुद्धा?" हो म्हटलं. नवा शर्ट घालून बोलणीला जाताना दारात थांबले, पुन्हा आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

दुपारी शुद्धिपत्र लिहिलं. चार ओळी होतात. खणात ठेवलंय. जून काही लांब नाही.

६ मार्च

सरांना म्हटलं, शुद्धिपत्र निदान त्या वर्तमानपत्राला आत्ताच पाठवू. म्हणाले, "जून ठरलंय ना?" ठरलंय.

बाबांची बोलणी अडलीय. पहिल्यांदा वाढ देऊ म्हणणारे आता वेगळंच बोलतायत. बाबा म्हणतात, "त्यांची खाती बघायला मागितली, तर म्हणतात लेखी उत्तर देतो." समितीतले बाकीचे संप करायच्या बाजूचे. बाबा म्हणतात, उत्तर तर वाचू.

९ मार्च

आज शुद्धिपत्र पाकिटात घातलं. वर्तमानपत्राचा पत्ता घातला. तिकीटही लावलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाकीट आता पर्समध्ये आहे. उद्या सरांना सांगते आणि टाकते. त्यांना न सांगता नको.

१० मार्च

सर आजारी. आले नाहीत.

११ मार्च, मंगळवार

बाबा कंपनीचं लेखी उत्तर डब्याच्या पिशवीत घडी न मोडता घेऊन आले. 'जगभर नफा घसरत असल्याचे कामगारांच्या बाजूचे अर्थतज्ज्ञही मान्य करतात, सबब तीन वर्षे वाढ देणे शक्य नाही.' खाली तक्ता क्रमांक तीन. त्याखाली माझं नाव. बाबांनी त्यावर बोट ठेवलं. समितीतल्या सगळ्यांना दाखवलं म्हणाले. "बाकीचे म्हणत होते, आकडे बनावट आहेत, अडून बसू. मी म्हटलं, हा तक्ता माझ्या पोरीने तपासलाय, खोटा नसणार. तेव्हा कुठे ऐकलं सगळ्यांनी. वाढीशिवायच करारावर सह्या करून आलो."