अक्का, तुझं नाव त्यात आहे

झरी, रविवार

प्रिय अक्का,

फोन केला असता तर तू बोलत राहिली असतीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले असते, म्हणून लिहायला बसले. राम रानात गेलाय, सोयाबीन काढायला माणसं लावलीत. बापामागं रानात जायचं म्हणून रडून विवेक शेजारीच झोपलाय. तू घेतलेला निळा शर्ट त्याला आखूड होतोय, तरी तोच मागतो. अक्कामावशीचा आहे म्हणतो.

माझी तब्येत विचारलीस परवा, मी बरी आहे म्हटलं. ते खोटं नव्हतं. टाके वाळलेत, भाकरी करते, पाणी भरते. फक्त काही वाटत नाही. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंडाशयाला पीळ पडला होता, एका बाजूचं काढावं लागलं, तेव्हा राम भिंतीकडे तोंड करून रडला. मी सलाईनची बाटली किती उरली ते बघत होते. अजून तसंच आहे. विवेक पडला, गुडघा फुटला, तर मी हळद लावली आणि पुन्हा कणीक मळायला बसले. आधी मीच त्याच्याआधी रडायचे, तुला माहीतच आहे.

उन्हाळ्यात मी जिंतूरला आले होते ते आठवतं? गच्चीवर आपण कुरडया घालत होतो. मी म्हटलं, गावात पिको-फॉलचं दुकान टाकायचं मनात आहे, पण पैशाची जुळणी होत नाही. तू सोऱ्या दाबत दाबतच म्हणालीस, "अगं, दवाखान्यात आपलं बीज द्यायचं, पैसे मिळतेत. लय सोपं हाय. थोडे दिवस सुया घ्यायच्या, एक दिवस भूल देतेत, झालं. ज्यांना लेकरू होत न्हाई त्यांचं भलं होतंय. मी गेलेच की कितीतरी डाव. काय झालं मला?" तू मधूनमधून मोठ्या शहरात का जायचीस ते मला त्या दिवशी कळलं. मी पुढं काही विचारलं नाही. आई गेल्यावर माझ्या वेण्या तूच घातल्यास, शाळेत नाव तूच घातलंस. तू सोपं म्हणालीस म्हणजे ते सोपंच होतं.

तू मला शहरातल्या ज्या दवाखान्यात नेलंस, तिथं कुणी मला नावानं हाक मारली नाही. "डोनर आली का?" असं विचारायचे. कागद इंग्रजीत होते. मी वाचायला लागले तर तू कोपरानं ढोसलंस, म्हणालीस, "कर सही, मागं लाईन लागलीय." काय होऊ शकतं ते ना डॉक्टरांनी सांगितलं, ना नर्सनं. परत येताना रेल्वेत तू मला खिडकी दिलीस, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपले. घरी आल्यावर पोट फुगत गेलं. परकराची नाडी बांधता येईना, मग दम लागायला लागला. तू दवाखान्याला फोन लावलास, ते म्हणाले पाणी पी. नंतर त्यांनी फोन उचलायचंच बंद केलं. रामनं मला परभणीला नेलं तेव्हा मला वाटेतलं काही दिसत नव्हतं.

तू आलीस दवाखान्यात. पायथ्याशी बसून मोसंबी सोललीस. राम औषधं आणायला गेला तसं माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "कुठं गेलो होतो ते डॉक्टरला सांगू नको बरं." आणि एक फोड माझ्या तोंडात दिलीस. मी ती खाल्ली. तेव्हाही काही वाटलं नाही, अक्का. डॉक्टरांना शेवटी रामनं सांगितलं.

मी हे सगळं असंच राहू दिलं असतं. गेल्या आठवड्यात शेजारची सुकेशनी आली. नवरा गेल्यापासून ती लेकराला घेऊन माहेरीच आहे. तिला ब्लाऊज उसवून घ्यायचा होता. बसली, आणि हसत म्हणाली, "तुझ्या अक्काचा फोन आलता. दिवाळी झाली की मला नेणार हायत. सुयानं लय दुखतंय का गं?" कात्री माझ्या हातात होती. शिवण सोडून मी कापडच कापलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला माझा हात माझा वाटला.

राम म्हणाला, सगळं व्हॉट्सॲपवर टाकतो, दवाखान्याच्या नावासकट. मी म्हटलं, थांब, आधी कुणाला तरी विचारू. म्हणून आम्ही परभणीला कोर्टाजवळ प्रमोदिनी वकिलांकडे गेलो. बाई वयस्क आहेत, हळू बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "तुला काय हवंय? भरपाई, की दवाखान्यावर कारवाई?" मी म्हटलं, सुकेशनी जाऊ नये. त्या म्हणाल्या, व्हॉट्सॲपवर एक शब्द टाकायचा नाही, नाहीतर बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येईल. दवाखान्याकडे आपले कागद लेखी मागायचे, मोबाइलमधलं काही पुसायचं नाही. तक्रारीत राग लिहायचा नाही, स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं.

रामनं विचारलं, हिच्यावर तर काही येणार नाही ना? त्या म्हणाल्या, "तशी हमी मी देणार नाही. बीज देण्याचा मोबदला घेता येत नाही, तो प्रश्न निघणारच. पण तो लपवून तक्रार केली, तर ती उभीच राहणार नाही." मग म्हणाल्या, कायद्यानं बाईला हे आयुष्यात एकदाच करता येतं, आणि तिचा विमा काढावा लागतो. एकदाच, हे ऐकलं आणि मला तू दिसलीस. "कितीतरी डाव" म्हणत सोऱ्या दाबणारी.

मग त्यांनी विचारलं, "तिथं घेऊन कोण गेलं?" राम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माहेरचं माणूस. "म्हणजे कोण?" बहीण. "सख्खी?" मी मान हलवली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे नाव गाळलं तर तक्रारीला पाय राहणार नाहीत. दवाखाना म्हणेल, ही स्वतःहून आली, आम्ही हिला ओळखतही नाही. "घाई नाही. विचार करून ये. पण तोवर बहिणीला यातलं काही सांगू नकोस. ते लोक सावध होतील."

मी विचार केला. उद्या सही करायला जायलेय. तुझं नाव त्यात आहे. वकीलबाईंनी नको म्हटलेलं असून मी तुला सांगतेय, कारण पोलिसांच्या नाहीतर चौकशीला आलेल्या साहेबांच्या तोंडून तुला ते कळू नये. निघताना मी त्यांना विचारलं होतं, माझ्या अक्काला वाचवाल का? त्या म्हणाल्या, तुम्हा दोघींचं काम एका वकिलाला घेता येत नाही. पण जिंतूरला माधवराव वकील आहेत, ते नीट ऐकून घेतात, ती आपल्या पायानं गेली तर बरं. तर जा, अक्का. बोलावणं यायच्या आधी जा. दवाखान्याला कळवायचं की नाही ते तूच ठरव, मी थांबणार नाही. सुकेशनी येणार नाही, तिला मी माझे टाके दाखवले. तू कितीदा गेलीस, एकदाच चालतं म्हटल्यावर मग कोणाकोणाच्या नावानं गेलीस, ते मी लिहिलेलं नाही. ते तुझं आहे, तूच सांग. आणि माधवरावांकडे जायच्या आधी एखाद्या बाई डॉक्टरला पोट दाखव. दवाखान्यात मोसंबी सोलताना तू मधेच थांबून ओटीपोट दाबून धरलं होतंस. मला वाटलं नाही काही, पण मी बघितलं होतं.

तुझीच,
अर्पिता